भाचा ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उठत नाही: हस्तमैथुन, पाप आणि आपली शिकवण

वसईचा_मामा

सलाम मंडळी.

गेले चार-पाच महिने माझा भाचा (वय २३, नोकरी लागून दीड वर्ष झालं) रविवारच्या मिस्साला नेमानं येतो, पण ख्रिस्तप्रसादाच्या (ख्रिस्तशरीर म्हणून मिळणाऱ्या भाकरीच्या) वेळी जागचा उठत नाही. बाकावरची माणसं त्याचे गुडघे ओलांडून रांगेत जातात. आमच्या गावात असलं लपत नाही. तिसऱ्याच रविवारी कोणीतरी बहिणीला विचारलं, "पोराचं बाहेर काही आहे का?" ती रडतच माझ्याकडे आली.

गेल्या आठवड्यात सुकी मच्छी आणायच्या निमित्तानं त्याला स्कूटरवर मागे बसवून अर्नाळ्याला नेलं. समोर बसवलं असतं तर तो बोलला नसता. पाठीमागून बोलला. मुलगी वगैरे काही नाही. हस्तमैथुनाची सवय आहे. शनिवारी पापनिवेदन करायचं, म्हणजे फादरना पापं सांगून क्षमा घ्यायची, मंगळवारपर्यंत पुन्हा तेच. "फादरना तेच तेच किती वेळा सांगू" म्हणून पापनिवेदनही सोडलं. महापाप अंगावर असताना ख्रिस्तशरीर घेतलं तर त्याहून मोठं पाप, म्हणून बसून राहतो. म्हणाला, "मामा, आईला सांगू नको, पण आज मला ट्रकनं उडवलं तर मी सरळ नरकात."

मी १४ वर्षं आमच्या धर्मग्रामाच्या विवाहपूर्व शिबिरात शिकवतोय. नैसर्गिक कुटुंबनियोजन, नवरा-बायकोचं भांडण, सासूसासरे, सगळं बोलतो. या विषयावर आजवर एक शब्द काढलेला नाही. त्या दिवशी मला त्याला उत्तर देता आलं नाही. नुसता गाडी चालवत राहिलो.

बायबल यावर खरंच काय सांगतं? चर्चची शिकवण नेमकी काय? तुमच्या घरात कोणी हे बोललंय का? कृपा करून चेष्टा नको.

सेवक_पिंपरी

दादा, तुमच्या भाच्यासाठी प्रार्थना करतो. पण उत्तर सरळ आहे. मत्तय ५:२८ वाचा. स्त्रीकडे वासनेनं पाहणाऱ्यानं मनात व्यभिचार केलाच, असं प्रभू स्वतः म्हणतो. मनात चित्र उभं केल्याशिवाय ही गोष्ट होते का? १ करिंथ ६ मध्ये शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय. पोराला टोचणी लागलीय ही चांगली खूण आहे. ती बोथट करू नका.

नगरी_ओटा

मी पाळकाचा मुलगा, सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा. आमच्याकडे पापनिवेदनाची खोली नाही, त्यामुळे बोलायला फादर आणि सांगणारा यांच्यामधली ती जाळीसुद्धा नाही. विषय निघालाच तर एकच नाव येतं: ओनान. म्हणून आधी ते प्रकरण नीट वाचू.

उत्पत्ती ३८. यहूदाचा थोरला मुलगा एर मेला, मूल नव्हतं. रीतीप्रमाणे धाकट्या ओनाननं भावजय तामारशी संबंध ठेवून भावाच्या नावानं वंश चालवायचा (हाच नियम पुढे बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात येतो). होणारं मूल आपलं धरलं जाणार नाही हे ओनानला ठाऊक होतं. म्हणून तो तिच्याजवळ जाई आणि ऐन वेळी वीर्य जमिनीवर पाडी. देवानं त्याला मारलं. यात हस्तमैथुन कुठंय? तो एका विधवेला वापरत होता आणि तिचा हक्क बुडवत होता. मला तर ही गोष्ट तामारच्या बाजूची वाटते. तिच्याबद्दल मात्र रविवारच्या शाळेत कोणी चकार शब्द काढला नाही.

आता लेवीय १५:१६ पहा. पुरुषाचं वीर्य स्खलन झालं तर त्यानं अंघोळ करावी, संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बस्स. ना यज्ञ, ना शिक्षा. लेवीयात बारीकसारीक गोष्टींना शिक्षा सांगितल्यात, इथं फक्त पाणी. प्रेषित पौल आपल्या पत्रांत 'जारकर्म' म्हणतो तेव्हा वेश्यागमन, व्यभिचार, सावत्र आईशी संबंध अशी उदाहरणं समोर असतात. या एका गोष्टीचं नाव घेऊन सांगणारं वचन अख्ख्या बायबलात नाही.

सेवक_पिंपरी

@नगरी_ओटा, नाव नाही म्हणून मोकळीक आहे असं होत नाही. मोबाईलचंही नाव बायबलात नाही. गलती ५ मध्ये आत्म्याच्या फळांत 'इंद्रियदमन' आहे, ते कशासाठी?

नगरी_ओटा

मोकळीक आहे असं मी म्हटलेलंच नाही. ओनानच्या मरणाची भीती घालून शिकवू नका, एवढंच म्हणतोय. ते खोटं आहे.

ईशज्ञान_तिसरे_वर्ष

मामा, कॅथलिक शिकवणीबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद २३५२. त्यात हे कृत्य स्वभावतःच आणि गंभीरपणे अव्यवस्थित म्हटलंय. लैंगिकता पती-पत्नीच्या परस्परदानासाठी आणि नव्या जीवासाठी आहे, ती एकट्यात संपली तर तिचा हेतू हरवतो, असा युक्तिवाद आहे. १९७५ च्या डिसेंबरात व्हॅटिकननं काढलेल्या पत्रकातही तेच होतं. ही शिकवण बदललेली नाही. बदललीय असं कोणी भाच्याला सांगितलं तर ते खरं नव्हे.

पण बहुतेक जण परिच्छेद अर्धाच वाचतात. पुढे लिहिलंय की व्यक्तीची जबाबदारी ठरवताना भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, चिंता आणि इतर मानसिक-सामाजिक कारणं लक्षात घ्यावीत. यांनी दोष कमी होतो, कधी अगदी किमान उरतो. त्याला जोडून १८५७ वा परिच्छेद घ्या. महापाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून दिलेली संमती हवी. सवयीच्या रेट्यात तिसरी गोष्ट कितपत उरते, हे २३ वर्षांच्या पोरानं मध्यरात्री एकट्यानं स्वतःविरुद्ध निकाल देऊन ठरवायचं नसतं. त्यासाठीच धर्मगुरू आहेत.

जुन्या काळची इतकी कडक भाषा आली कुठून, हेही सांगतो. तेराव्या शतकात ईशज्ञानाचे मोठे पंडित संत थॉमस अक्वायनस यांनी याला निसर्गाविरुद्धच्या पापांत बसवलं. तेव्हाच्या समजुतीनुसार पुरुषाचं बीज हेच मूल घडवणारं, स्त्री म्हणजे बीज रुजायची जमीन. मग बीज वाया घालवणं जीव वाया घालवण्याच्या जवळ जाऊन बसतं. सस्तन प्राण्यातलं स्त्रीबीज कार्ल फोन बेअर या शास्त्रज्ञांनी ओळखलं ते १८२७ मध्ये. भीती मात्र आधीच घट्ट बसली होती. आजचं चर्च ते जीवशास्त्र वापरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं बुधवारच्या सभांमधून शरीराबद्दल जे सांगितलं, त्यात बीजाचा हिशोब नाही. स्वतःला देणं आणि दुसऱ्याला वस्तू न करणं, हा त्याचा गाभा आहे.

फोंड्याची_वाट

पापनिवेदनाला आमच्या गोव्यात कुमसार म्हणतात. कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. लाकडी जाळीला वर्षानुवर्षं कपाळं टेकून टेकून मध्ये काळा चकचकीत डाग पडलेला, मी त्याच डागाकडे बघत बोलायचो. म्हातारे पाद्री होते, ऐकायला थोडं कमी यायचं, म्हणून "मोठ्यान सांग बाबा" म्हणायचे आणि बाहेर रांगेत आमच्याच वाड्यावरच्या बायका! एकदा हीच गोष्ट पुटपुटलो. त्यांनी विचारलं, "आवयक मदत करता मरे तू?" म्हटलं, नाही. "मग आधी तें सांग. तें तू कुमसाराक केन्नाच हाडलें ना." (आईला मदत करत नाहीस, ते कधीच कबुलीत आणलं नाहीस.) त्या दिवशी आईसाठी विहिरीचं पाणी काढलं आणि रात्री गाढ झोपलो. पाप नाही असं ते म्हणाले नव्हते. माझ्या पापांची क्रमवारी मात्र त्यांनी बदलून टाकली.

वसईचा_मामा

@फोंड्याची_वाट, हे वाचून बायकोलाही दाखवलं.

अळूवडी

मी ख्रिस्ती नाही, बोलू का? रेल्वे रुळालगतच्या भिंतींवरच्या जाहिराती वाचत माझी पिढी मोठी झाली. 'बचपन की गलतियां', 'धात', 'गुप्तरोग'. एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त, हे आमच्या व्यायामशाळेत शपथेवर सांगायचे. भाच्याच्या डोक्यात बायबल किती आणि ही भिंत किती, हे एकदा तपासून पहा. माझ्या डोक्यात तर नुसतीच भिंत होती आणि तिनंही मला दोन वर्षं रडवलं.

डॉक्टर_अनामिक

@अळूवडी, तो चाळीसचा आकडा युरोपातही होता. तिसो नावाचा स्विस डॉक्टर. १७६० मध्ये त्यानं हस्तमैथुनावर फ्रेंचमध्ये ग्रंथ काढला. एक औंस वीर्य गेलं की चाळीस औंस रक्त गेल्यापेक्षा जास्त अशक्तपणा येतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधी लंडनमध्ये एका निनावी पुस्तिकेनं ओनानचं नाव या गोष्टीला चिकटवलं आणि सोबत औषधही विकलं. पाळकांनी डॉक्टरांचा आधार घेतला, डॉक्टरांनी पाळकांचा. आंधळेपणा, वेड, क्षय, सगळं याच्या माथी मारलं. यातलं काहीही खरं नाही. अशक्तपणा येत नाही, लग्नानंतरच्या क्षमतेवर परिणाम होत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही.

मिशिगनची_माई

मी बॅटल क्रीकपासून तासाभरावर राहते, म्हणून लिहिते. कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग तिथलेच, ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. मसालेदार खाणं आणि मांस वासना चाळवतं, म्हणून सपक खा, असा त्यांचा आग्रह होता. कॉर्नफ्लेक्स फक्त याचसाठी काढले असं लोक सांगतात ते अतिशयोक्त आहे, पण हस्तमैथुनाची त्यांना दहशत होती हे खरं. मुलांवर भूल न देता शस्त्रक्रिया आणि मुलींना ॲसिडचे चटके, असले उपाय त्यांनी छापून सांगितलेत. छापून! देवाचं नाव घेणारा, लोकांना बरं करणारा माणूस. माझी नात नाश्त्याला ते डबे उघडते तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

आणि फार जुनं नाही, १९९४ मध्ये इथल्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकारी, जॉयसेलिन एल्डर्स बाईंना याच विषयावर एक सरळ वाक्य बोलल्याबद्दल पद सोडावं लागलं. उलट जेम्स डॉब्सन, इथले कडवे मानले जाणारे ख्रिस्ती समुपदेशक, ते मात्र पालकांना सांगत की या गोष्टीवरून पोरांना अपराधी करू नका. म्हणजे कडव्यांतही एकमत नाही.

तांदळाची_बोरं

मसाल्यानं वासना चाळवत असती तर आमच्या बाटलीच्या मसाल्यावर वाढलेले सगळे ईस्ट इंडियन आजोबा केव्हाच नरकात गेले असते. ते तर रोज पहाटे उठून रोझरी म्हणायचे. :)

अळूवडी

र. धों. कर्व्यांची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे मिशनऱ्यांच्याच कॉलेजात, गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार सोडत नाहीत म्हणून १९२५ मध्ये नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढलं. वाचक जे कुणालाच विचारू शकत नव्हते ते त्यांना विचारायचे, हस्तमैथुनासकट, आणि ते छापून उत्तर द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. नव्वद वर्षं झाली आणि आपण अजून टोपणनावानंच विचारतोय.

पंचवटीची_सिस्टर

सिस्टर म्हणजे परिचारिका, नन नव्हे. इतका वेळ वाचत होते. एवढ्या प्रतिसादांत सगळीकडे पोरगा, पुरुष, वीर्य. बाई फक्त मिशिगनच्या माईंनी आणली, तीही चटके खायला.

आमच्या रिट्रीटमध्ये मुलींना वेगळं बसवायचे. सांगायचे, मुलांना हा मोह फार असतो, म्हणून ओढणी नीट घ्या. मुलींनाही शरीर असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला वाटायचं, जगात मी एकटीच अशी. कबुली द्यायची तरी शब्द कोणता वापरायचा? मराठीत माझ्याकडे शब्दच नव्हता. 'हस्तमैथुन' वाचला तो नर्सिंगच्या पुस्तकात, तोही पुरुषांच्या प्रकरणात.

लग्न झालं आणि काल रात्रीपर्यंत जे पाप होतं ते सकाळपासून कर्तव्य झालं. मन असं बटण दाबल्यासारखं बदलत नाही हो. पहिली दोन वर्षं नवऱ्यानं हात लावला की अंग लाकडासारखं व्हायचं. तो भला माणूस, वाट पाहिली. माझ्या वॉर्डात अशा बायका येतात ज्यांच्या नवऱ्यांनी वाट पाहिली नाही.

मामा, तुम्ही शिबिरात १४ वर्षं गप्प राहिलात असं स्वतःच लिहिलंत म्हणून बोलते. त्या १४ वर्षांत तुमच्यासमोर बसलेल्या प्रत्येक जोडीतली ती मुलगीही गप्प होती.

वसईचा_मामा

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उत्तर नाही माझ्याकडे. चूक झाली.

पुन्हा_उभा

मी एका प्रार्थनासभेत जायचो, नाव सांगत नाही. तिथल्या भाऊंना विश्वासानं हे सांगितलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला पुढे बोलावून चाळीसेक माणसांसमोर डोक्यावर हात दाबला आणि 'वासनेच्या आत्म्या, निघ' म्हणून ओरडले. मी पडलो. खरं म्हणजे त्यांनी ढकललं. मग माईकवर साक्ष द्यायला लावली की मी मोकळा झालो.

नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी जे व्हायचं ते झालं आणि मला मत्तय १२ आठवला. निघालेला दुष्ट आत्मा घर झाडून सजवलेलं पाहून आणखी सात घेऊन परत येतो. मी २४ वर्षांचा इंजिनिअर, रात्रभर दिवा लावून बसलो की आपल्यात आता आठ आहेत. त्याच आठवड्यात जीव द्यायचा विचार पहिल्यांदा आला. वाचलो ते मोठ्या बहिणीमुळे, तिनं काही न विचारता हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

मामा, भाच्यानं 'ट्रकनं उडवलं तर' म्हटलंय. ते वाक्य हलक्यात घेऊ नका.

डॉक्टर_अनामिक

@पुन्हा_उभा, लिहिलंत, बरं केलंत. मामा, हे सगळ्यात आधी करा: झोप, जेवण, कामावर लक्ष लागतं का, मरणाचे विचार येतात का, हे भाच्याला सरळ विचारा. विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, हे खरं. पण त्यासाठी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ आवर घालता न येणं, कामधंदा-नाती-तब्येत यांची हेळसांड, असं बरंच लागतं. नुसतं नैतिक अपराधीपणामुळे होणारं दुःख निदानाला पुरेसं नाही, हे तिथं स्पष्ट लिहिलंय. 'मला व्यसन आहे' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ धार्मिक मुलांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नसतं. स्वतःवरचा राग जास्त असतो.

सेवक_पिंपरी

@पुन्हा_उभा भाऊ, तुमच्याशी जे झालं ते पाप होतं. ज्यांनी केलं त्यांचं. वचनाच्या नावानं माणसाला सभेपुढे उघडं करणं प्रभूनं कधी केलं नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला सगळे निघून गेल्यावर तो बोलला. माझी आधीची 'टोचणी चांगली' ही ओळ मी मागे घेतो. पोराची अवस्था मला माहीत नव्हती.

माझं मत तरी बदलत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगतो. मी स्वतः सात वर्षं अश्लील व्हिडिओत होतो. पडद्यावरच्या बाईला कोणी बळजबरीनं तिथं आणलंय का, हे मी कधी विचारलं नाही. बायको शेजारी झोपलेली असायची आणि मी पाठ करून फोन बघत असायचो. डॉक्टर म्हणतील विकार नाही, पण माझं प्रेम आटत होतं हे मला कळत होतं. मत्तय ५:२८ मला तिथं भेटला. म्हणून तो शब्द मी सोडणार नाही.

पंचवटीची_सिस्टर

@सेवक_पिंपरी, हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर किती वेगळं वाटलं असतं. पाठ करून फोन बघणारा नवरा आणि रात्री एकटा असलेला अविवाहित पोरगा यांना एकच वचन एकाच आवाजात ऐकवू नका, एवढंच माझं मागणं.

ईशज्ञान_तिसरे_वर्ष

भाच्यासाठी एक गोष्ट राहिली. त्याच्या अवस्थेला आमच्या परंपरेत जुनं नाव आहे: शंकाकुलता, पापभीतीचा आजार म्हणा. १५२२ मध्ये येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मान्रेसा इथं यातूनच गेले. झालेली पापं पुन्हा पुन्हा सांगायचे, तरी वाटायचं काहीतरी राहिलं. खोलीतल्या भगदाडातून उडी टाकावी असंही त्यांच्या मनात येई. हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. पुढे त्यांनी ठरवलं की मागचं पुन्हा उकरायचं नाही. त्याला एकच धर्मगुरू कायमचा धरायला सांगा, दर शनिवारी नवा नको. जाळीपलीकडे फेऱ्या न मारता टेबलावर समोर बसून एकदा सगळं बोलू दे.

नगरी_ओटा

आमच्या लूथरचंही, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याचंही, तेच. तासन्‌तास पापं सांगून आपल्या मठातल्या वरिष्ठांना, श्टाउपित्झना, जेरीस आणायचा. शेवटी बायबलातल्या रोम ८:१ नं आम्हाला सोडवलं, ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही. या एका ओळीवर तरी तुम्ही आणि आम्ही भांडायला नको.

वसईचा_मामा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

बुधवारी रात्री जेवणानंतर भाच्याला ओसरीवर बसवलं. डॉक्टरांचे प्रश्न तसेच्या तसे विचारले. मरणाचा विचार 'कधीकधी' येतो म्हणाला. मी हादरलो, पण विचारलं नसतं तर कळलंही नसतं. काल त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन आलो, पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. बहिणीला इतकंच सांगितलं की पोराचं मन आजारी आहे, बाहेरचं काही नाही. ती देवघरापुढे बराच वेळ बसली आणि मग त्याच्या आवडीचे पानमोडे करायला उठली.

२३५२ चा परिच्छेद त्याला पूर्ण वाचून दाखवला. दुसऱ्या भागाशी त्यानं थांबवलं, म्हणाला "पुन्हा वाच". तीनदा वाचला. मग विचारलं, "हे आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात का नाही सांगितलं?" त्या वर्गावर दोन वर्षं मीच होतो.

आज रविवार. तो उठला नाही. मी रांगेतून परत आलो तेव्हा नेहमीसारखे गुडघे आवळून न बसता सरकून त्यानं मला शेजारी जागा दिली. येत्या शुक्रवारी आमच्या फादरांना भेटायला तयार झालाय. कार्यालयात, टेबलावर.

शिबिराचंही फादरांशी बोललो. जानेवारीच्या शिबिरात दोन तास दिलेत. मुलगे-मुली एकत्र बसणार, प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता. पुरुषांचं मी बोलेन. बायकांचं मी बोलू नये, हे मला आता कळलंय. पंचवटीच्या ताई, नाशिकहून वसईला याल का? जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं आमच्या घरी.

पंचवटीची_सिस्टर

येईन. नवऱ्यालाही घेऊन येते, वाट पाहण्याबद्दल तो बोलेल. ड्युटी बदलून घ्यायला पंधरा दिवस आधी तारीख लागेल.

फोंड्याची_वाट

मामा, चिठ्ठ्या जमतील त्यातले प्रश्न इथं टाकाल का, नावगाव काढून? आमच्या फेलोशिपलाही हवेत.